अहिंसा : नियम की तत्त्व? विदर्भातील धर्मविचारांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

हिंसा आणि अहिंसा यांविषयी निरनिराळ्या धर्मपरंपरांनी घेतलेल्या भूमिकांचा विचार करताना बहुधा ग्रंथवचनांची तुलना केली जाते. प्रस्तुत लेखात त्या भूमिका नागपूर, वर्धा, चंद्रपूर व भंडारा या परिसरातील प्रत्यक्ष घटनांच्या आधारे तपासल्या आहेत. कोणत्याही प्रमुख परंपरेने अहिंसेचा प्रश्न केवळ 'मारावे की मारू नये' एवढ्यापुरता ठेवलेला नाही. हेतू, अधिकार आणि अन्याय सोसणाऱ्याचे स्थान या तीन बाबींवर तिचे उत्तर अवलंबून असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेला 'नियम' आणि 'तत्त्व' हा भेद या चर्चेत विशेष उपयुक्त ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अहिंसा, शांततावाद, धर्म्य युद्ध, गीतार्थ, धम्म, संरचनात्मक हिंसा.

१. प्रस्तावना

नागपुरात विजयादशमी हा एकच दिवस दोन अर्थांनी साजरा होतो. एकीकडे शमीपूजन, शस्त्रपूजन आणि सीमोल्लंघन यांची जुनी परंपरा आहे. पावसाळा सरल्यावर मोहिमेस निघण्याचा हा मुहूर्त मानला जाई. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात बंगालपर्यंत गेल्या. त्या स्वाऱ्या आपल्याकडे पराक्रम म्हणून सांगितल्या जातात, तर बंगालमधील अंगाईगीतांत त्याच 'बर्गीं'ची भीती मुलांना घातली जाते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ साली याच तिथीला नागपुरात झाली व त्याच्या वार्षिक उत्सवातही शस्त्रपूजन असते. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तोही विजयादशमीलाच. या दिवसाला त्यांनी सम्राट अशोकाच्या धम्मविजयाचे स्मरण जोडले. दरवर्षी या दिवशी शुभ्र वस्त्रांतील यात्रेकरूंचे जथे दीक्षाभूमीकडे जातात आणि 'प्राणिहिंसेपासून अलिप्त राहीन' या आशयाच्या शीलाने आरंभ होणारे पंचशील ग्रहण करतात.

धरमपेठेतून ही दोन्ही दृश्ये एकाच सकाळी पाहता येतात. एकाच शहरात, एकाच तिथीला शस्त्राची पूजा आणि हिंसाविरतीची प्रतिज्ञा या दोन्ही गोष्टी धर्म म्हणूनच होतात. अशा वेळी 'अमुक धर्म हिंसक, तमुक धर्म अहिंसक' असे ठोकळेबाज वर्गीकरण अपुरे पडते. पदवीच्या वर्गात अहिंसा हा घटक शिकवीत असता एका विद्यार्थ्याने 'अहिंसा पाळायची कोणी?' असा प्रश्न प्रस्तुत लेखकास विचारला होता. प्रश्न साधा होता, पण पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. या लेखाचा रोख त्याच प्रश्नाकडे आहे.

२. संज्ञांविषयी

'शांततावाद' ही संज्ञा युरोपातील शांतता परिषदांमधून विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. राष्ट्राराष्ट्रांतील युद्धाला तत्त्वतः विरोध, असा तिचा प्रधान अर्थ आहे. 'अहिंसा' ही संज्ञा तिच्याहून कितीतरी जुनी व व्यापक आहे. तीत युद्ध येते, तसेच आहार, व्यवसाय, वाणी आणि विचारही येतात. 'हिंसा' हा शब्द मूळ 'हन्' धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरल्यास हिंसा म्हणजे मारण्याची इच्छा आणि अहिंसा म्हणजे त्या इच्छेचा अभाव, असा अर्थ होतो. पुढील चर्चेत हा अर्थ पुन्हा भेटणार आहे.

३. श्रमण परंपरा : व्रत आणि राज्य

अहिंसेचा सर्वांत काटेकोर विचार जैन परंपरेने केला आहे. तथापि, त्या विचारातही तारतम्य आहे. मुनींसाठी महाव्रत आणि श्रावकांसाठी अणुव्रत, ही पहिली विभागणी. श्रावकाच्या बाबतीत हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात : संकल्पी, म्हणजे हेतुपुरस्सर केलेली, आरंभी, म्हणजे स्वयंपाकपाणी व घरकामात अपरिहार्यपणे घडणारी, उद्योगी, म्हणजे उपजीविकेच्या व्यवसायात घडणारी, आणि विरोधी, म्हणजे आक्रमणापासून स्वतःचे किंवा आश्रितांचे रक्षण करताना घडणारी. यांपैकी संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग गृहस्थावर बंधनकारक आहे. उरलेल्या तीन प्रकारांत ती शक्य तितकी कमी करावी, अशी अपेक्षा असते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येतही प्राणघाताबरोबर कर्त्याचा प्रमाद, म्हणजे असावधपणा, हा घटक आवश्यक मानला आहे. तात्पर्य, जैन विचारातही कृतीबरोबर कर्त्याच्या मनोवृत्तीला स्थान आहे.

व्यक्तीने व्रत घेणे एक आणि राज्याने ते पाळणे दुसरे. या दुसऱ्या प्रश्नाचे जुने साक्षीदार म्हणजे अशोकाचे शिलालेख. तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली व दीड लक्ष माणसे देशोधडीस लावली गेली, अशी कबुली स्वतः विजेत्याने दिली आहे. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळा आहेत. परंतु त्याच लेखात अरण्यवासी लोकांना, पश्चात्ताप झालेल्या राजाकडेही अद्याप सामर्थ्य आहे, असा इशारा दिलेला आहे. चौथ्या स्तंभलेखात देहदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिल्याचा उल्लेख येतो. देहदंड मात्र रद्द झालेला नाही. सैन्यही विसर्जित झाल्याचे दिसत नाही.

या धोरणाचा एक मागमूस विदर्भातच आढळतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक येथे मिळालेल्या शिळेवर प्राकृत भाषेतील एक आज्ञा कोरलेली आहे. शिळा भग्न असल्याने सर्व शब्द लागत नाहीत, परंतु पकडणे आणि मारणे यांस मनाई करणारी ती राजाज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा संबंध अशोककाळाशी जोडला. पुढे त्याच शिळेवर वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या काळातील दुसरा लेख कोरला गेला. अहिंसा ही येथे संन्याशाचे व्रत न राहता अधिकाऱ्यांमार्फत अमलात येणारी आज्ञा झाली आहे. आज्ञा झाली की ती मोडणाऱ्यास दंड आला आणि दंडाच्या मागे बळ आले. अहिंसेचे राज्यही बळावाचून चालत नाही, हा पेच अशोकाला सुटला नाही. त्याच्यानंतरच्या कोणत्याही राज्यकर्त्यालाही तो पूर्णपणे सुटलेला नाही.

४. गीता : एक ग्रंथ, तीन वाचने

हिंदू परंपरेत हिंसेच्या समर्थनासाठी आणि अहिंसेच्या प्रतिपादनासाठी एकाच ग्रंथाचा आधार घेतला गेला, हे महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. फलाशा सोडून केलेले कर्तव्य कर्म बंधक होत नाही आणि दुष्टांचा प्रतिकार हेही असे कर्तव्य असू शकते, हा त्याचा निष्कर्ष. गांधीजींनी 'अनासक्तियोगा'त कुरुक्षेत्र हे मानवी अंतःकरणाचे रूपक मानले. फलत्याग पूर्णतेस गेला की हिंसा संभवतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली 'गीता प्रवचने' या दोहोंच्या मधली वाट धरतात. अर्जुनाचा युद्धविरोध हा अहिंसेतून आलेला नाही, कारण परक्यांशी लढताना त्याला तो सुचला नव्हता. तो स्वजनांच्या मोहातून आलेला आहे, असे विनोबा दाखवून देतात.

१९२० च्या जानेवारीत 'यंग इंडिया'त टिळक आणि गांधी यांच्यात जो छोटा वाद झाला, तो या संदर्भात उद्बोधक आहे. राजकारण हे साधूंचे क्षेत्र नाही, असे सांगताना टिळकांनी अक्रोधाने क्रोध जिंकण्याच्या बुद्धवचनापेक्षा, जो जसा येईल त्याला तसे उत्तर देण्याचा गीतेतील श्रीकृष्णाचा आदर्श आपल्याला अधिक मान्य असल्याचे लिहिले. गांधींनी दोन्ही वचनांत विरोध नसल्याचे उत्तर दिले. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक निवर्तले आणि डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने शांततामय व न्याय्य मार्गांनी स्वराज्य मिळविण्याचे ध्येय स्वीकारले. मात्र अनेक प्रतिनिधींनी अहिंसा हे धोरण म्हणून पत्करले, श्रद्धा म्हणून नव्हे.

या फरकाची कसोटी १६ ऑगस्ट १९४२ रोजी लागली. वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे मोर्च्यांवर गोळीबार झाला. प्रक्षुब्ध जमावाने पोलीस व अधिकाऱ्यांना ठार केले. त्यानंतर चिमुरात शिरलेल्या लष्कराने व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केले. या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचा मोठा प्रभाव होता. सरकारने त्यांना त्याच महिन्यात अटक केली. अत्याचारांची चौकशी व्हावी, यासाठी सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी खटपट केली. एकाच घटनामालिकेत जमावाची हिंसा, राज्याची हिंसा आणि दोहोंना दिलेले आत्मक्लेशाचे उत्तर अशा तिन्ही गोष्टी आढळतात. चिमूरच्या हुतात्म्यांचे स्मरण करताना यांपैकी कोणती गोष्ट आठवायची, याचे उत्तर परंपरा देत नाही. निवड आपल्याला करावी लागते.

५. ख्रिस्ती व इस्लामी विचार : वर्ध्याची दोन उदाहरणे

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांत अनेक धर्मचिंतकांनी सैनिकी सेवेस विरोध केला होता. चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी हा धर्म स्वीकारल्यावर 'धर्म्य युद्धा'ची मांडणी पुढे आली. संत ऑगस्टीन आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी योग्य अधिकारी, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू या अटी घातल्या. गिरिप्रवचनाचा शब्दशः अर्थ घेणारे क्वेकरांसारखे पंथ अल्पसंख्य राहिले. इस्लाममध्ये प्रेषितांच्या मक्केतील सुमारे तेरा वर्षांत छळ सहन करण्यावर भर आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना लढण्याची परवानगी कुराणाच्या बाविसाव्या अध्यायात येते, तर मर्यादा ओलांडू नका, अशी अट दुसऱ्या अध्यायात आहे. 'सब्र' आणि 'जिहाद' या दोन्ही संकल्पना एकाच परंपरेच्या आहेत. कोणती केव्हा लागू होते, यावर तिच्या अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत.

या दोन्ही परंपरांतील अहिंसावादी वाचनांचे प्रतिनिधी एकाच दशकात वर्ध्यात वावरत होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडीतून चालविणारे जे. सी. कुमारप्पा हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. दुसऱ्याच्या श्रमावर जगणारी अर्थव्यवस्था हीच हिंसा, असा अर्थ त्यांनी येशूच्या शिकवणीतून काढला. त्याच वर्षी कारावासातून सुटलेले, पण स्वतःच्या प्रांतात जाण्यास बंदी असलेले खान अब्दुल गफार खान काही काळ वर्ध्यास राहिले. त्यांच्या खुदाई खिदमतगारांनी २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा खानी बाजारात गोळीबार सोसूनही हाती शस्त्र घेतले नव्हते. शस्त्र बाळगणे हे ज्या समाजात पुरुषत्वाचे लक्षण, त्या समाजातून हे घडले, याला विशेष महत्त्व आहे. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने ते खाली ठेवणे, हे अहिंसेचे एक रूप होय. ज्याच्या हाती शस्त्र कधी येऊच दिले नाही, त्याच्या अहिंसेचे काय, हा पुढील प्रश्न आहे.

६. डॉ. आंबेडकर : नियम आणि तत्त्व

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. शांततावाद या शब्दाच्या काटेकोर अर्थाने ही विदर्भातील सर्वांत स्पष्ट कृती म्हणता येईल. एका वर्षाने, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या स्थापनेसाठी डॉ. आंबेडकर आग्रही होते. एकाने युद्धाला नकार दिला आणि दुसऱ्याने सैन्यात प्रवेश मागितला. वरवर पाहता हा सरळ विरोध दिसतो. परंतु वर्णव्यवस्थेने ज्यांना शस्त्रापासून दूर ठेवले आणि ब्रिटिश सरकारनेही पुढे ज्यांची भरती थांबविली, त्यांच्या दृष्टीने सैन्यातील प्रवेश हा प्रथम समान नागरिकत्वाचा प्रश्न होता. शस्त्रत्यागाचा विचार करण्यापूर्वी शस्त्राचा अधिकार असावा लागतो.

याचा अर्थ आंबेडकर हिंसेचे समर्थक होते, असा मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. संख्येने मोठे असूनही सत्याग्रहींनी त्यांच्या सांगण्यावरून प्रतिहल्ला केला नाही. त्याच वर्षी 'बहिष्कृत भारता'त सत्याग्रहाचे समर्थन करताना त्यांनी गीतेचाही आधार घेतला होता. पुढे मात्र गीतेविषयी त्यांचे मत बदलले. देह मारला तरी आत्मा मरत नाही, या युक्तिवादाने वधाचे समर्थन होऊ शकत नाही, अशी टीका त्यांच्या अपूर्ण राहिलेल्या लेखनात आढळते. हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले.

त्यांची परिपक्व भूमिका 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झालेल्या ग्रंथात आहे. बुद्धाने अहिंसा हा नियम न करता ते तत्त्व, म्हणजे जीवनमार्ग, म्हणून सांगितले, असे ते प्रतिपादतात. नियम माणसाला निवडीचे स्वातंत्र्य देत नाही. एक तर तो माणसाला मोडतो किंवा माणूस त्याला मोडतो. तत्त्व माणसाला विचार करण्यास भाग पाडते व निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर टाकते. या भूमिकेतूनच ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात. पहिलीस पूर्ण मज्जाव आहे. दुसरी क्वचित संभवते, परंतु ती खरोखरच गरज आहे का, हे दर वेळी तपासावे लागते. वर उल्लेखिलेल्या 'हिंसा' शब्दाच्या व्युत्पत्तीशी हा भेद किती जुळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. तत्त्वाची लवचिकता ही पळवाट ठरणार नाही काय? प्रत्येक आक्रमक आपल्या हिंसेला गरजच म्हणतो. धर्म्य युद्धाच्या अटींचाही असा दुरुपयोग वारंवार झाला आहे. हा आक्षेप रास्त आहे. त्याला आंबेडकरांच्या विचारातच अंशतः उत्तर मिळते. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाकडील फौजदारी अपिलांची चर्चा चालू असता, अहिंसेवर नैतिक निष्ठा ठेवणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षाच रद्द करावी, असे मत त्यांनी मांडले. ज्याने 'गरज' हा शब्द वापरला त्यानेच राज्याची मारण्याची गरज मान्य करण्यास नकार दिला. म्हणजे गरजेची कसोटी दुर्बळाच्या स्वसंरक्षणाला जितकी सहानुभूतीने लावायची, तितकीच ती सत्ताधाऱ्याला कठोरपणे लावायची, असे या दोन भूमिका एकत्र वाचल्यास म्हणता येते. याच धाग्याने २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील भाषणात त्यांनी मार्क्सच्या साधनांपेक्षा बुद्धाचे साधन अधिक टिकाऊ असल्याचे सांगितले.

७. खैरलांजी आणि आपला प्रश्न

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची जमावाने निर्घृण हत्या केली. मृतांत आई, मुलगी आणि दोन मुलगे होते. तिसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, गांधी जयंती आणि विजयादशमी एकत्र आल्या होत्या. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव सुरू होता. येथे जमलेल्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना ही वार्ता तेव्हा ठाऊकही नव्हती. पुढे नोव्हेंबरात विदर्भात निदर्शने झाली व काही ठिकाणी त्यांना हिंसक वळण लागले. त्या दिवसांत अनेक व्यासपीठांवरून शांततेची आवाहने झाली. ती बहुतांशी निदर्शकांना उद्देशून होती.

योहान गाल्टुंग या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९६९ साली मांडलेली 'संरचनात्मक हिंसा' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. शस्त्र न उचलता माणसाला पाणी, जमीन, शिक्षण व प्रतिष्ठा यांपासून वंचित ठेवणारी व्यवस्था हीही हिंसाच होय. ही हिंसा आवाज करीत नाही, म्हणून ती शांतता भासते. तिच्याविरुद्धचा आवाज मात्र हिंसा म्हणून नोंदला जातो. अहिंसेचा उपदेश प्रथम कोणाला केला जातो, यावरून त्या उपदेशामागील समाजदृष्टी ओळखता येते.

या खटल्यात सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिचे पंचवीस वर्षांच्या कारावासात रूपांतर केले. या निर्णयाने अनेकजण व्यथित झाले, आणि ती व्यथा समजण्यासारखी आहे. तथापि, १९४९ सालचे आंबेडकरांचे मत आणि ही व्यथा शेजारी ठेवून पाहिली म्हणजे तत्त्व पाळणे नियम पाळण्यापेक्षा किती कठीण आहे, याची जाणीव होते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, जैन, बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती व इस्लामी या पाचही परंपरांत संयमाचे आणि बळाच्या मर्यादित वापराचे असे दोन्ही प्रवाह आहेत. त्यामुळे कोणत्याही धर्माला हिंसक वा अहिंसक असे एकच विशेषण लावणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. दुसरी, वाचनाची निवड वाचणाऱ्याच्या सामाजिक स्थानाशी निगडित असते. टिळक, गांधी, विनोबा, गफार खान व आंबेडकर यांच्या भूमिका त्या स्थानासह वाचल्या पाहिजेत. तिसरी, अहिंसा नियम म्हणून लादली की तिचा भार बहुधा दुर्बळावर पडतो. ती तत्त्व म्हणून स्वीकारली की तिचा पहिला हिशेब बलवानाला द्यावा लागतो.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा उपयोग आहे. अहिंसा हा घटक शिकविताना ग्रंथवचनांबरोबर देवटेकची शिळा, चिमूरचा इतिहास, पवनारचे भाषण आणि खैरलांजीचा निकाल हे साहित्य वर्गात आणणे शक्य आहे. यांपैकी कोणतेही स्थळ नागपूरपासून फार दूर नाही. 'अहिंसा पाळायची कोणी?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला, ज्याच्या हाती मारण्याचे सामर्थ्य अधिक आहे त्याने आधी, असे उत्तर प्रस्तुत लेखक आज देईल. हे उत्तर अपुरे आहे, याची त्याला जाणीव आहे. विजयादशमीच्या दिवशी दोन्ही मैदानांवरून परतणारे विद्यार्थी दुसऱ्या दिवशी एकाच वर्गात बसतात. त्या वर्गात ही चर्चा मोकळेपणाने व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.